दोन गल्ल्यांवरचं पार्सल

पत्र

ताई, नमस्कार. मी डोंबिवली पूर्वेला राहते आणि घरी गोधड्या शिवते. बहुतेक बाळांच्या, थोड्या मोठ्या. काही ऑर्डर इन्स्टाग्रामवरून येतात, काही एका मोठ्या शॉपिंग साइटवरून. काही जणी आईच्या, आजीच्या जुन्या साड्या आणून देतात आणि त्यांच्याच गोधड्या करून घेतात.

गेल्या महिन्यात इन्स्टावर बाळाच्या गोधडीची ऑर्डर आली. पत्ता बघितला तर आमच्यापासून दोन गल्ल्यांवरची सोसायटी! कुरिअरनं पाठवलं असतं तर पार्सल आधी भिवंडीच्या गोदामात गेलं असतं आणि तिसऱ्या दिवशी परत माझ्याच घरासमोरून तिच्याकडे. म्हटलं, चालत जाऊन देऊन येऊ. दुपारी तीनला गेले. लिफ्टमध्ये एका काकूंनी विचारलं, "कुणाकडे?" मी फ्लॅट नंबर सांगितला. "काय आणलंय?" मी आपली सहज म्हणाले, "बाळाची गोधडी." दार उघडणारी मुलगी मला बघून गोंधळलीच. "तुम्हाला पत्ता कसा मिळाला?" हेच तिनं आधी विचारलं. काकू मागे उभ्याच होत्या. रात्री तिचा मेसेज आला: अजून तिसरा महिनाही संपलेला नाही, आम्हा दोघांशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं, आता सगळ्या मजल्याला कळलंय.

मला रडूच फुटलं. नवरा म्हणतो, पत्ता तिनंच दिला होता, मग तुझी काय चूक? सासूबाई म्हणतात, आता दारोदार फिरायचं तेवढं राहिलं होतं. मुलगा चौदा वर्षांचा आहे, तो म्हणतो मी सायकलवरून देऊन येत जाईन. सध्या डोंबिवलीतल्याच तीन ऑर्डर तयार आहेत. एक त्या साइटवरची, एक इन्स्टाची आणि एक ग्राहकाच्या आईच्या साडीची. जाऊ की नको? आणि गेले तर कुरिअरचे म्हणून घेतलेले पैसे परत करायचे का?

– एक गोधडीवाली

उत्तर

प्रिय गोधडीवाली,

तुमचं पत्र वाचत लिफ्टपर्यंत आले आणि पुढची ओळ वाचायच्या आधीच मी डोळे मिटून घेतले. अशाच एका दारात मी स्वतः उभी राहिलेली आहे.

मी तेव्हा फेसबुकवरून साड्या विकायचे. ठाण्यात नौपाड्यात एक नेहमीची ग्राहक होती. तिचं पार्सल कायम ऑफिसच्या पत्त्यावर जायचं. एकदा घरचा पत्ता कळला, तो निघाला माझ्या मावशीच्या घरामागचा. मावशीकडे जायचंच होतं, म्हणून साडी पिशवीत टाकली आणि गेले. दार तिच्या सासूबाईंनी उघडलं. बसवलं, पाणी दिलं, पार्सल हातात घेऊन प्रेमानं विचारलं, "केवढ्याची हो ही?" मी मोठ्या अभिमानानं म्हणाले, "अठ्ठावीसशे." बाई काही बोलल्या नाहीत, फक्त चष्मा काढून पदरानं पुसायला लागल्या. नंतर कळलं, घरात प्रत्येक साडी "सेलमध्ये नऊशेला मिळाली" अशीच येत होती. ती ग्राहक पुन्हा माझ्याकडे कधी आली नाही. दोन वर्षं तिचं पार्सल ऑफिसला का जातंय, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

तेव्हा तुमच्या यजमानांना सांगा, पत्ता तिनं दिला हे खरं, पण तो पार्सलसाठी दिला. कुरिअरचा मुलगा येतो, त्याला खोक्यात काय आहे ते ठाऊक नसतं आणि ठाऊक करून घ्यायची त्याला हौसही नसते. सही घेतो, पुढच्या जिन्याकडे पळतो. ग्राहक पैसे मोजतो त्यात त्याचं हे माहीत नसणंही आलं. तुम्ही गेलात की आत काय आहे, कितीला घेतलं, कुणासाठी घेतलं हे सगळं ठाऊक असलेलं माणूस दारात उभं राहतं. शिवाय ते उद्या फडके रोडवर भाजी घेताना भेटणार असतं. आणि आपल्याकडे बाळ घरात येण्याआधी त्याचं काही आणत नाहीत, तीन महिने तर उच्चारही करत नाहीत. असं असताना या मुलीनं चोरून गोधडी मागवली होती. केवढ्या आनंदात मागवली असेल! डोंबिवलीच्या बाजारात बाळाची दुपटी कमी का मिळतात? ती दुकानात गेली नाही, कारण दुकानात ओळखीचं कुणीतरी भेटतं. तिला ऑनलाइनचा आडोसा हवा होता.

२०२३ साली आपल्या संसदेनं डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा केला, त्याचा गाभाही हाच आहे की माहिती ज्या कामाला घेतली त्याच कामाला वापरायची. घरी गोधड्या शिवणाऱ्या बाईच्या दाराशी उद्या कुणी अधिकारी येईल असं मी म्हणत नाही. पण हे एक माप हाताशी ठेवा. पार्सल पोचवणं हे पत्ता दिला त्याच कामात बसतं, म्हणजे तुम्ही जाण्यात गुन्हा काहीच नव्हता. न विचारता जाण्यात आणि लिफ्टमध्ये बोलण्यात चूक होती. दिवाळीला "नवीन गोधड्या आल्यात" म्हणून त्याच नंबराला ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये घालणं, किंवा "इकडून चालले होते, म्हटलं डोकावावं" म्हणून बेल वाजवणं हे त्या मापात अजिबात बसत नाही.

आता त्या मुलीचं. तुम्ही तिला काय उत्तर दिलंत ते पत्रात नाही. दिलं नसेल तर आज द्या, आणि चार ओळींच्या वर जाऊ नका. "लिफ्टमध्ये मी जे बोलले ते बोलायला नको होतं. न विचारता यायलाही नको होतं. मनापासून माफी मागते. पुढे तुमच्याबद्दल मी कुणाशी काही बोलणार नाही. कुरिअरचे घेतलेले पैसे परत पाठवले आहेत." बस. "तुम्हाला गोड बातमीबद्दल शुभेच्छा" हे त्यात घालू नका, कितीही हात शिवशिवले तरी. माफी मागायला पुन्हा तिच्या दारात जाऊ नका. फुकट झबलं-टोपरं पाठवू नका, तेही कुणीतरी लिफ्टमध्ये बघणारच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या काकूंना गाठून "ती गोधडी तिच्या मैत्रिणीसाठी होती हं" असलं काही सांगायला जाऊ नका. काकूंना अर्धं कळलं असेल तर अशानं पुरतं कळेल. मुलीनं उत्तर दिलं नाही तर नाही. तिचा राग तिच्याकडे राहू दे, तो काढून घ्यायची तुमची घाई तिच्यावर कशाला?

पुढच्यांसाठी सांगते. जवळच्या ग्राहकाकडे स्वतः जायला माझी ना नाही, मी आजही जाते. पण जायचं की नाही हे ग्राहकानं ठरवायचं, आणि ते ठरवणं तिला सोपं जाईल असं आपण विचारायचं. "मी तुमच्या मागच्याच गल्लीत राहते, येऊ का आत्ता?" यावर नाही म्हणायला माणसाला जीव काढावा लागतो. मी असा मेसेज टाकते: "नमस्कार, तुमची ऑर्डर तयार आहे. उद्या कुरिअरनं निघेल, शुक्रवारपर्यंत मिळेल. मीही डोंबिवलीतच असते, त्यामुळे हवं असेल तर शनिवारी ११ ते १ मध्ये हातोहात देता येईल, घरी किंवा टिळक चौकात. तसं असेल तर आज रात्रीपर्यंत कळवा." यात कुरिअर हे आधीच ठरलेलं आहे, तिला काहीही न लिहिता ते निवडता येतं. उत्तर आलं नाही तर सकाळी पार्सल कुरिअरला जातं. पुन्हा आठवण करायची नाही. "दोन गल्ल्या" हा शब्द त्यात कुठेच नाही तो मुद्दाम. तुम्ही तिचा पत्ता नकाशावर घालून बघितलाय हे तिला जाणवू देण्याची गरज नाही.

टिळक चौक हा पर्याय लोकांना फार आवडतो, हे मला उशिरा कळलं. कामावरून सुटून स्टेशनला उतरणारी बाई तिथून जातेच. तिच्या घरातल्या कुणाला काही कळत नाही, आणि तुम्हालाही चार मजले चढावे लागत नाहीत.

घरीच बोलावलं, तर पॅकिंग कुरिअरला करता तसंच करायचं. आपण चालत जातोय म्हणून पारदर्शक पिशवीत घडी घालून नेऊ नका. खाकी कागद, चिकटपट्टी, वर फक्त नाव आणि फ्लॅट नंबर. किंमत बाहेर लिहायची नाही, बिल आत. गेटवर वॉचमनच्या रजिस्टरात "कशासाठी" हा रकाना असतो, तिथे "पार्सल" एवढंच लिहायचं, आणि लिफ्टमध्ये कुणी विचारलं तरी तोच शब्द. "पार्सल आहे काकू." याच्यापुढे काकू फार तर "कुणाचं?" म्हणतील. तेव्हा मोबाइलमध्ये बघायचं.

दारात उंबऱ्याच्या बाहेर थांबायचं. "आत या ना, चहा घ्या" म्हणतात, आपली माणसं चांगली असतात. पण पहिल्या भेटीत आत जायचं नाही. अनोळखी घर आहे म्हणून जायचं नाही हे एक, आणि आत गेलं की सासूबाई चष्मा पुसायला लागतात हे दुसरं. ज्या नावानं ऑर्डर आहे त्याच माणसाच्या हातात द्यायचं. दुसऱ्या कुणी दार उघडलं तर तिथूनच फोन लावायचा, "तुमच्याऐवजी घरी दिलं तर चालेल का?" निघताना घरी कुणाला तरी सांगून निघा, कुठल्या इमारतीत, किती वाजता. संध्याकाळी सातनंतर नाही.

हातोहात दिल्यावर पुरावा उरत नाही, याचा तुम्ही विचार केलेला दिसत नाही. कुरिअरची पावती असते, नंबर असतो. स्पीड पोस्टातही आता ओटीपी सांगितल्यावरच वस्तू हातात देण्याची सोय आहे. तुमच्याकडे काय असतं? "अहो, मी दिली ना तुमच्या हातात!" एवढंच. म्हणून जिना उतरायच्या आत ग्राहकाकडून व्हॉट्सॲपवर "मिळालं" एवढा एक शब्द मागून घ्यायचा. हसत मागायचा, "माझ्या वहीसाठी हवं असतं." फोटो काढायचाच तर पार्सलचा काढा, माणसाचा किंवा दारावरच्या पाटीचा नको. आणि तो स्टोरीवर तर नकोच नको. "आमच्या लाडक्या ग्राहकाकडे आज स्वतः डिलिव्हरी" असल्या स्टोऱ्या मी रोज बघते, मागे दारावरचं नाव अगदी स्पष्ट वाचता येतं. न विचारता वॉचमनकडे ठेवणं, दाराच्या कडीला पिशवी अडकवणं, हेही करू नका.

साइटवरच्या ऑर्डरीचा विषय वेगळा आहे. तिथे तुम्ही मुळीच जाऊ नका, ग्राहक समोरच्या खिडकीत दिसत असली तरी. त्या व्यवहारात पार्सल म्हणजे लेबलवरचा बारकोड. तो उचलताना स्कॅन झाला, पोचताना स्कॅन झाला, की तुमचे पैसे हलायला लागतात. तुम्ही लेबल बाजूला ठेवून गोधडी हातात देऊन आलात, तर कॉम्प्युटरच्या लेखी ती गोधडी अजून तुमच्या घरातच आहे. मग ऑर्डर वेळेत निघाली नाही म्हणून रद्द होते, तुमच्या खात्यावर काट बसते आणि ग्राहकाला पैसे परत जातात. गोधडी तिच्याकडे, पैसेही तिच्याकडे, आणि ती तुमची शेजारीण. आता मागा! काही साइटवर विक्रेत्यानं स्वतः पोचवण्याचा अधिकृत पर्याय असतो. ॲमेझॉनवर तो 'सेल्फ शिप' या नावानं आहे, आणि २०२० च्या एप्रिलमध्ये त्यांनी 'लोकल शॉप्स' नावाची सोय आसपासच्या पिनकोडांत स्वतः माल देणाऱ्या दुकानांसाठीच सुरू केली होती. तुमची साइट कोणती ते तुम्ही लिहिलेलं नाही. सेटिंगमध्ये असा पर्याय तुम्ही निवडलेला असेल तरच स्वतः जाण्याचा विचार करायचा. नसेल तर ती गोधडी खुशाल भिवंडीला जाऊन येऊ दे. तुमच्या जिवाला लागतं ते कळतं, पण भिवंडीला तुम्ही जात नाही, टेम्पो जातो. आणि पार्सलमध्ये "पुढच्या वेळी थेट माझ्याकडूनच घ्या, स्वस्त पडेल" अशी चिठ्ठी टाकायचा मोह होतो, तो आवरा. त्यावरूनही खाती बंद होतात.

पैशांचं. कुरिअरचे वेगळे घेतले असतील आणि कुरिअर केलं नाही, तर ते परत करायचे. त्याच दिवशी, ग्राहकानं आठवण करायच्या आधी. "माझ्या रिक्षाचे धरले" हे नंतर सांगण्यात अर्थ नाही. रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये, जाऊन-येऊन ५२ झाले, हे मलाही कळतं. ते घ्यायचे असतील तर आधीच्या मेसेजमध्ये लिहायचं: "घरपोच ५० रुपये, चौकात भेटलात तर काही नाही." उघड लिहिलं की कुणी कुरकुर करत नाही. डिलिव्हरी फ्री म्हणून किमतीतच धरली असेल, तर मात्र कमी करायची गरज नाही. तुमचा तास गेलाच ना? त्या तासात धावदोऱ्याच्या किती रांगा पडल्या असत्या ते मोजा, मग शनिवारच्या दोन तासांत चारपाच ऑर्डरी एकत्र का करायच्या ते लक्षात येईल. एकेका पार्सलसाठी उठून जाणं परवडत नाही, आणि "आत्ता येतेच पाच मिनिटांत" ही सवय तर धंद्याला वाळवी आहे. घाई असेल तर पोर्टरसारख्या ॲपवरून दुचाकीवाला बोलवा, भाडं ग्राहकाचं. त्याला खोक्यात काय आहे ते माहीत नसतं, हा फायदा आहेच.

मला वाटतं, कुरिअर तुम्हाला मुळात जड जातंय आणि चालत जाण्याचा उत्साह निम्मा त्यातून आलाय. गोधडी हा कुरिअरच्या दृष्टीनं वाईट माल, वजन थोडं आणि पसारा फार. कुरिअरवाले खरं वजन आणि आकारमानाचं वजन यातलं जे जास्त ते लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० नं भागायचं. ३५ बाय ३० बाय १२ च्या खोक्यात घातलेली तुमची ७०० ग्रॅमची गोधडी त्यांच्या कागदावर अडीच किलोची होते. खोकं सोडा. गोधडी घट्ट घडी करून हवा काढायच्या पिशवीत दाबून जाडी ६ वर आणा, वर जाड कुरिअर पिशवी. तीच गोधडी सव्वा किलोची झाली. पावसाळ्यात आतली पिशवी तशीही हवीच, भिजलेल्या गोधडीचा वास तीन धुण्यांत जात नाही. दाबलेली गोधडी उघडल्यावर चुरगळलेली दिसते, म्हणून आत एक ओळ लिहून ठेवा, "दोन तास उन्हात टाका."

जवळच्या ग्राहकाचं आणखी एक दुखणं असतं, ते तुम्हाला अजून लागलेलं नाही, पण लागेल. एकदा तुम्ही तिच्या दारात गेलात की ती ग्राहक राहत नाही, आपली होते. मग "आपल्यातच काय एवढे पैसे घेता", "पुढच्या महिन्यात देते", "बाळानं कोपरा उसवला, जरा टाके घालून द्या ना, जाता जाता घेऊन जा" हे सुरू होतं. नागपूरच्या ग्राहकाला हे सुचत नाही. मी या बाबतीत कडक आहे. पैसे आधी, यूपीआयवर, दारात वही काढायची नाही. भाव नागपूरला तोच डोंबिवलीला. पण माल खराब निघाला तर मात्र "तुम्ही तेव्हाच हातात घेऊन बघितला होता ना" असं म्हणायचं नाही. २०२० चे ई-कॉमर्सचे नियम सांगतात की सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. हातानं दिला म्हणून त्यात सूट नाही. आणि नियम नसते तरी उसवलेली गोधडी तुम्ही परत घेतलीच असतीत, हे तुमच्या पत्रावरून कळतं. फक्त त्यासाठी रात्री नऊला तुमच्या घराची बेल वाजू नये एवढं बघा. बिलावर घरचा पत्ता असला तरी खाली एक ओळ टाका, "येण्याआधी मेसेज करावा." तुम्हाला जसं न विचारता जायचं नाही, तसं तुमच्याकडेही कुणी येऊ नये.

मुलाला सायकलवर पाठवू नका. चौदा वर्षांचं पोर, अनोळखी दारं, हातात पार्सल आणि वर कॅशचा हिशोब. हौस असेल तर पिनकोडप्रमाणे ऑर्डरी लावणं, लेबलं छापणं, पैसे आले का ते तपासणं हे त्याला द्या. माझ्या भाच्यानं हेच केलं आणि माझ्या तीन चुका पहिल्याच आठवड्यात काढल्या. आगाऊ कार्टं.

सासूबाईंचं "दारोदार" मात्र मला थोडं झोंबलं, कारण माझ्या आईनंही तोच शब्द वापरला होता. दारोदार फिरणं म्हणजे कुणी न बोलावता माल घेऊन उभं राहणं. तुमच्याकडे ऑर्डर आहे, पैसे आलेले आहेत आणि यापुढे "या" म्हणून मेसेजही असणार आहे. त्यांना हे समजावत बसू नका, पटणार नाही. त्यांना विचारा की त्यांच्या आईच्या साड्यांची गोधडी कुणी केली होती आणि ती घरी कशी आली. त्यांच्या लहानपणी असं काम गावातली कुणी जाणती बाई करून द्यायची, साड्या तिच्याकडे जायच्या आणि गोधडी परत यायची. यात कुणाला कमीपणा वाटत नव्हता. मला वाटतं त्या बोलत्या होतील. शनिवारी सोबत येते म्हणाल्या तर घेऊनही जा, फक्त लिफ्टमध्ये त्यांना बोलू देऊ नका.

तर तुमच्या तीन ऑर्डरी. साइटवरची आज लेबल लावून कुरिअरला द्या. इन्स्टाची, वर लिहिलाय तसा मेसेज टाका आणि ती काय म्हणते ते करा. आईच्या साडीची मात्र कुरिअरनं पाठवू नका, हे मी अगदी उलट सांगतेय ते माहीत आहे. बाजारातून कापड आणून शिवलेली गोधडी हरवली तर दुसरी शिवता येते, कुरिअरवाला भरपाई म्हणून चार पैसे देतो. ती साडी हरवली तर भरपाई कशाची घ्यायची? अशा ऑर्डरीत हातोहात देणं-घेणं हीच अट ठेवा, आणि ती पहिल्याच दिवशी सांगा. साडी घेतानाही आपणच घ्यायची, समोर उलगडून, फाटलेलं कुठे आहे, काठ किती धडका आहे हे दोघींनी बघून. या बाईनं साडी तुमच्या हातात दिली असेल तर तिचा तुमच्याशी परिचय आहेच, तरी जायच्या आधी विचारा, आणि ती निवांत असेल अशी वेळ घ्या. अशा वेळी उंबऱ्याबाहेर थांबायचा माझा नियम मी मोडते. ती गोधडी उलगडते, काठ कुठे आलाय ते शोधते, पदर कुठे गेला विचारते. त्याला दहा मिनिटं लागतात, आणि ती दहा मिनिटं कुरिअरचा मुलगा देऊ शकत नाही.

जाताना उरलेल्या चिंध्याही न्या. कापताना खाली पडलेले काठाचे तुकडे, बोटभर पदर, काहीही. आपल्याला तो कचरा वाटतो. एका रुमालात बांधून गोधडीसोबत द्या, तिनं मागितल्या नसल्या तरी.